कावळा मी दाखवते

"कावळा मी दाखवते, अप्पा. ती माझी जबाबदारी."

हे वाक्य मी मार्च महिन्यात, बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या आमच्या घरी, रागी मुद्दा, म्हणजे नाचणीचा उंडा, सारात बुडवता बुडवता उच्चारलं. आजवर इतक्या आत्मविश्वासानं मी फक्त माझं नाव सांगितलं असेल.

तर नाव संयोगिता. रसायनशास्त्रात एम.एस्सी. बोम्मसंद्र्याच्या एका औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी. तिथे आम्ही एकच धर्म पाळतो: जे त्या क्षणी लिहिलं नाही, ते घडलंच नाही. गोळी विरघळायला सकाळी किती मिनिटं लागली, हे दुपारी आठवून लिहिणारा माणूस आमच्या नजरेत चोर. आणि दुसऱ्यानं केलेल्या चाचणीखाली स्वतःची सही ठोकणारा तर... त्याच्याबद्दल नंतर बोलू.

रविवारी मी पक्षी पाहते. आमच्या भागातल्या पक्षीमंडळाकडे 'राजाजीनगरात प्रथमच दिसलेले पक्षी' अशी एक वही आहे. गणिताच्या निवृत्त शिक्षिका हेमलता अक्का ती लॉकरमधल्या दागिन्यांसारखी सांभाळतात. त्या वहीत माझ्या नावावर चौदा पक्षी आहेत आणि खुद्द अक्कांच्या नावावर तेरा. हा आकडा मी मुद्दाम कुणाला सांगत नाही. विषय निघाला तरच सांगते. विषय मी काढते.

आता कावळ्याकडे येऊ.

आम्ही तिघं, म्हणजे अप्पा, अम्मा आणि मी, मे महिन्यात स्वित्झर्लंडला जाणार होतो. मला रजा मिळाली ती नेमकी एकाच आठवड्याची, आणि त्या आठवड्यात आली वैशाख वद्य सप्तमी. आमच्या दोड्डप्पांची तिथी! दोड्डप्पा म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ प्रतापराव. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे, मूलबाळ नव्हतं, आणि अप्पांना त्यांनीच वाढवलं होतं. त्यांना जाऊन दोन वर्षं होत होती.

अप्पा जाहीर करून मोकळे झाले, की श्राद्धाचे विधी परत आल्यावर आमचे पुरोहित हरी जोईस करतील, पण तिथीच्या दिवशी अण्णाच्या नावाचा घास कावळ्यानं शिवायलाच हवा. तोवर पाण्याखेरीज तोंडात काही घालणार नाही. तुझ्या स्वित्झर्लंडात कावळे नसतील तर तुम्ही दोघी जा, मी घरी राहतो.

मी बसले आकडेवारी काढायला. त्या खोऱ्यातल्या दहा वर्षांच्या पक्षीनोंदी चाळल्या. मे महिन्यात एका दिवसात कावळा दिसण्याची शक्यता निघाली ९८.६ टक्के! शिवाय कावळा म्हणजे काय हो? कुठल्याही पक्षीनिरीक्षकाची मान ज्याच्यासाठी कधी वर होत नाही तो पक्षी. मला कावळा दाखवायला सांगणं म्हणजे केमिस्टला मीठ ओळखायला सांगण्यासारखंच. म्हणून ते वाक्य.

माझा खरा डोळा होता वॉलक्रीपरवर. चिमणीपेक्षा जरासा मोठा, राखाडी, उभ्या कड्यावर सरड्यासारखा चढणारा पक्षी. पंख मिटलेले असले की दगड. उघडले की किरमिजी रंगाचा भडका. चार वर्षं माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर त्याचंच चित्र आहे. अम्मा त्याला 'तुझा तो भिंतीवरचा' म्हणते आणि अशा सुरात म्हणते, की पाहुण्यांचा गैरसमज व्हावा.

सप्तमीच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या स्विस हॉटेलच्या हिरवळीवर अकरा कावळे होते. मी मोजले, लिहिले आणि अप्पांना खिडकीशी बोलावून दाखवले. अप्पांनी समाधानानं पाहिलं. इथले कावळे जरा शिकलेले दिसतात, ओरडत नाहीत, असा शेराही मारला.

"उद्या सकाळी सात वाजता," मी म्हणाले. "सव्वासातला तुम्ही नाश्त्याच्या टेबलावर असाल."

सकाळी सात वाजता हिरवळीवर शून्य कावळे होते.

अम्मानं पाच वाजता उठून, प्रवासातल्या छोट्या विजेच्या कुकरमध्ये भात शिजवला होता. त्यावर काळे तीळ, दही आणि शेजारी दोड्डप्पांच्या आवडीची, राजाजीनगरहून डबा भरून आणलेली, कडबोळ्यासारखी कोडबळी. खाली वाळल्या पानांची पत्रावळी, तीही सूटकेसच्या तळाशी झोपून बेंगळुरूहून आलेली. सगळी तयारी अशी, आणि पाहुण्याचा पत्ता नाही! मी स्वागतकक्षात जाऊन चौकशी केली. तिथल्या बाईंनी फार सौजन्यानं सांगितलं, की काल मंगळवार होता. मंगळवारी माळी गवत कापतो. यंत्रामागून उघडे पडणारे किडे टिपायला कावळे येतात. पुढचा मंगळवार सहा दिवसांनी.

माझ्या दहा वर्षांच्या आकडेवारीत गवत कापायचं यंत्र कुठेच नव्हतं.

तेवढ्यात कुंपणाशी एक पक्षी उतरला. अप्पा हरखले. काळा होता, तुरुतुरु चालत होता, पत्रावळीकडे मान वाकडी करून बघत होता.

"हा?" अप्पा म्हणाले.

"हा कस्तूर, अप्पा. गाणारा पक्षी. घराणं वेगळं."

"काळा आहे की."

"काळ्या म्हशीही असतात."

अप्पांनी पत्रावळी झाकून घेतली आणि बसमध्ये जाऊन बसले. त्यांची मधुमेहाची गोळी जेवणासोबत घ्यायची असते. जेवण नाही म्हणजे गोळी नाही. अम्मानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत ९८.६ हा आकडा स्पष्ट वाचता येत होता.

आमच्या सहलीचा व्यवस्थापक होता पुण्याचा क्षितिज. उत्साही मुलगा. बसमधल्या अडतीस बेंगळुरूकरांना तो रोज सकाळी मोजायचा आणि रोज एकोणचाळीस भरायचे, कारण तो स्वतःलाही मोजायचा. अप्पांनी नाश्ता केला नाही हे त्याच्या ध्यानात आलं. काकांना जेवण आवडत नाही, असा त्यानं अर्थ काढला आणि सलग अर्ध्या तासात त्यांना उपमा, केळं, जैन सँडविच आणि एका काकूंकडून मागून आणलेला मेथीचा ठेपला देऊ केला. शेवटी त्यानं माइक हातात घेतला आणि सगळ्या बससमोर विचारलं, की काकांना नक्की काय खायचंय, आपण अरेंज करू.

मग मला उभं राहून सांगावं लागलं. अप्पांना काही नको आहे. आम्हाला एक कावळा हवा आहे.

बसमधली अडतीसच्या अडतीस माणसं खिडक्यांना चिकटली! आपल्या माणसांना देशाबाहेर काहीतरी अडल्याचं कळलं, की त्यांच्यात जे बळ येतं ते विलक्षण असतं. बर्फाच्छादित शिखरं बाजूनं सरकत होती, तिकडे कुणी ढुंकून बघेना. उजवीकडून 'कागे, कागे', म्हणजे कावळा, कावळा, असा ओरडा झाला की सगळे उजवीकडे. पाहावं तर काळी प्लॅस्टिकची पिशवी. डावीकडून ओरडा झाला की डावीकडे. पाहावं तर चर्चचा पाद्री. एकदा मात्र खरोखरच एक कावळा दिसला. शेतात, चाळीस मीटरवर, एकटा. मी ड्रायव्हरला हात जोडले. त्यानं हसून समोरची पाटी दाखवली. या रस्त्यावर थांबायला बंदी होती. पाटीचा आणि बंदीचा मान राखणारी मी, मुकाट्यानं बसले.

तळ्याकाठी बस थांबली तेव्हा लाकडी खांबावर पंख वाळवत एक काळा, भला मोठा पक्षी बसलेला होता. अप्पांनी त्याचं नाव विचारलं. खोटं बोलणं मला जमत नाही.

"पाणकावळा."

"मग झालं तर."

"नाव आहे फक्त, अप्पा. याचा कावळ्याशी काही संबंध नाही. मासे खातो."

"अण्णाही खायचा," अप्पा म्हणाले. पण पाणकावळ्याला भातात रस नव्हता. तो उडून गेला.

आता जे सांगते ते जगातल्या कुठल्याही पक्षीनिरीक्षकानं बसून ऐकावं. केबल कारच्या स्थानकाशी, पाइन वृक्षाच्या खोडावर, माझ्यापासून बारा पावलांवर काळा सुतार बसला होता. कावळ्याएवढा, कोळशासारखा काळा, डोक्यावर लाल टोपी. तो पाहायला लोक पहाटे उठून जंगलात तासन्‌तास बसतात. अप्पांनी माझा दंड धरला, "संयू, हा?" आणि मी म्हणाले, "नाही हो अप्पा, हा नुसता सुतार आहे," आणि पुढे चालू लागले! नुसता सुतार! पुढे केबल कारमध्ये सगळे एकदम 'अय्यो' म्हणाले. आमच्या काचेसमोरून पुरुषभर लांबीच्या पंखांचं दाढीवालं गिधाड तरंगत गेलं म्हणे. म्हणे, कारण मी तेव्हा खाली कुरणात कावळा शोधत होते. मान वर करेपर्यंत मला शेपटीचं टोक तेवढं मिळालं. माझ्या टिपणवहीत मी दोन्ही लिहिले नाहीत. वहीचं पान वरपासून खालपर्यंत 'घास शिवणारे कावळे' या एकाच रकान्याचं होतं. त्यात सात शून्यं होती.

शिखरावर पोचलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. उन्हातल्या गच्चीवर बाकं, मागे उभा कडा, पुढे सगळा युरोप. पाण्याची बाटली अप्पांनी उघडायला अम्माकडे दिली. मी ते पाहिलं. आणि मला खरंच भीती वाटली.

"क्षितिज, किती वेळ आहे?"

"मॅडम, फॉर्टी मिनिट्स. पण काकांना आता खायला द्या ना प्लीज. मला टेन्शन आलंय."

तेवढ्यात आकाशातून काळे कागदाचे कपटे उधळल्यासारखे ते आले. वीस-पंचवीस. काळेभोर, चपळ, कठड्यावर उतरून माणसांच्या ताटात डोकावणारे. चोच पिवळी, पाय तांबडे.

अप्पा उभे राहिले. "संयू. खरं सांग. हा कावळा आहे का?"

आयुष्यात इतका महत्त्वाचा नमुना माझ्यापुढे कधी आला नव्हता. 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण अप्पांनी 'खरं सांग' म्हटलं होतं.

"घराणं कावळ्याचंच आहे," मी म्हणाले. "नाव चफ. आपल्या कावळ्याचा डोंगरात राहणारा चुलत भाऊ."

"चुलत चालतो का? जोईसांना विचार."

राजाजीनगरात तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. हरी जोईस व्हिडिओवर आले ते एका गृहप्रवेशाच्या मांडवातून, मागे नादस्वर चालू. मी त्यांना प्रकरण समजावलं. त्यांनी पक्षी दाखवायला सांगितला, चोचीचा रंग विचारला, हे थव्यानं राहतात का ते विचारलं. मग मान डोलावली.

"सरी, सरी. परगावी गेल्यावर चुलत भावाकडे जेवलं तर काय बिघडतं? पान वाढा."

पण कठड्यावर पाटी होती: पक्ष्यांना खायला घालू नये. मी नियम मोडत नाही. विचार केला, पाटी दोनदा वाचली आणि मार्ग काढला. अप्पांनी बाकावर बसून पत्रावळी मांडीवर घेतली. आम्ही पक्ष्यांना घालत नव्हतो. आम्ही जेवायला बसलो होतो. कुणी आपणहून शिवलं तर आमचा नाइलाज.

कुणी शिवेना! शेजारच्या बाकावर एक जोडपं बटाट्याच्या फ्राइज खात होतं. सगळा थवा त्यांच्याभोवती. आमच्या भाताकडे एकानंही पाहिलं नाही.

दहा मिनिटं गेली. मग आपल्याकडे जे होतं तेच सुरू झालं. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून इच्छा शोधायच्या आणि वचनं द्यायची. अप्पांनी हात जोडून सांगितलं, अण्णा, तुझी स्कूटर विकणार नाही, दर रविवारी चालू करून बघतो. अम्मानं जरा खालच्या आवाजात कबूल केलं, भावोजी, तुमचे स्टीलचे तीन डबे मी आणलेत, परत तुमच्या स्वयंपाकघरात ठेवते. मोबाइलवर चित्रण करत असलेल्या क्षितिजनं विचारलं, की मी पण काही प्रॉमिस करू का.

चफ फ्राइज खात राहिले.

"हे बघा," फोनमधून जोईस म्हणाले, "उगाच अंदाज करू नका. ज्यानं शब्द दिला आणि पाळला नाही, त्यानं बोलावं. स्वल्प मनात शोधा."

मला शोधावं लागलं नाही.

दोड्डप्पा गेले त्याच्या आधीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळी त्यांचा फोन आला. संयू, माझ्या कपडे धुवायच्या जागेत रंगीबेरंगी कोंबडीचं पिल्लू येऊन बसलंय, पळत ये. मी पळत गेले. तो नवरंग होता! हिमालयाच्या पायथ्याकडून दक्षिणेला जाणारा, दमून बादलीमागे टेकलेला. राजाजीनगरात त्याआधी कुणी पाहिला नव्हता. मी फोटो काढला, वेळ लिहिली आणि वहीत नोंद पाठवली. प्रथम पाहणार: संयोगिता. चौदावा.

"माझं नाव लिहिलंस ना गं?" दोड्डप्पांनी विचारलं होतं. मी म्हणाले, लिहिते. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणाले, लिहिते. नवरंगाला कोंबडीचं पिल्लू म्हणणाऱ्या माणसाला शोधक कसं म्हणायचं, असा मी मनाशी युक्तिवाद केला होता. मेमध्ये ते गेले.

दुसऱ्याच्या चाचणीखाली सही ठोकणाऱ्याबद्दल नंतर बोलू, असं सुरुवातीला म्हटलं होतं ना, तो हा. ती मी.

मी अप्पांच्या शेजारी उभी राहिले, कड्याकडे पाठ केली, डोळे घट्ट मिटले, हात जोडले आणि सगळं मोठ्यानं सांगितलं. चौदावा तुमचा आहे, दोड्डप्पा. परत गेल्याबरोबर खोडते आणि तुमचं नाव लिहिते. यापुढे ज्यानं पाहिलं त्याचंच नाव.

पंखांची फडफड झाली. अम्मानं श्वास आत ओढला. मी डोळे उघडले तेव्हा पत्रावळी तिरकी झाली होती आणि अप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"शिवला," अप्पा म्हणाले.

काय घडलं याचे अहवाल जुळत नाहीत. अप्पा म्हणतात त्यानं भाताला चोच लावली. अम्मा म्हणते त्यानं थेट कोडबळं पळवलं, भावोजींचीच सवय. जोईसांना त्या वेळी फक्त अप्पांचा कान दिसत होता. पण शिवला हे नक्की. बसमधली गच्चीवर असलेली सगळी माणसं टाळ्या वाजवू लागली. अप्पांनी गोळी घेतली, भात खाल्ला, ठेपला खाल्ला, केळं खाल्लं, आणि क्षितिजनं सुटकेचा श्वास सोडून जैन सँडविच स्वतः खाल्लं. युरोपातल्या साडेसहा हजार फुटांवर वडिलांना तिथीच्या दिवशी, वेळेत, खात्रीशीर घराण्यातला कावळा मिळवून देणारी मुलगी मी! मान ताठ करून केबल कारमध्ये चढले.

उतरताना अप्पा हळूच म्हणाले, "नवरंगाचं मला माहीत होतं. अण्णा बोलला होता."

"काय बोलले?"

"हसला. म्हणाला, पोरगी चौदावर खूश आहे, राहू दे."

म्हणजे दोड्डप्पांची काही इच्छा राहिलेलीच नव्हती. मग तो चफ कशासाठी थांबला होता? शास्त्रीय उत्तर मला ठाऊक आहे. मी डोळे उघडले तेव्हा शेजारच्या जोडप्याच्या फ्राइज संपलेल्या होत्या. मी ही नोंदही केली आहे. अप्पांना दाखवलेली नाही.

त्या संध्याकाळी क्षितिजनं बसच्या ग्रुपवर त्याचं चित्रण टाकलं. खाली लिहिलं होतं: 'मॅडम, तुमच्या मागे ते फुलपाखरू कसलं?'

मी पाहिलं. मधोमध मी, डोळे मिटलेली, ओठ हलताहेत. माझ्या डाव्या कानामागे, कड्यावर, एक राखाडी दगड वर सरकतो. मग तो पंख उघडतो. किरमिजी. मिटतो. पुन्हा उघडतो. अकरा सेकंद.

बेंगळुरूला आल्यावर पहिल्याच रविवारी सव्वासहाला मी हेमलता अक्कांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. अक्कांनी चष्मा लावला, चौदाव्या नोंदीवर पट्टी ठेवून रेघ मारली आणि वर सुवाच्य अक्षरात 'प्रतापराव' असं लिहिलं. मग त्यांनी दोघींचे तेरा तेरा पुन्हा मोजले. दोनदा.

"आणि हा वॉलक्रीपर?" त्यांनी चित्रण थांबवून विचारलं. "हा तरी तू पाहिलास ना?"

शब्द देऊन अकरा दिवसच झाले होते.

"नाही, अक्का. क्षितिजनं."

बागेच्या फाटकाशी मंडळाचा फलक आहे. या महिन्याचं छायाचित्र म्हणून तेच चित्र तिथे मोठं करून लावलंय. अप्पा रोज फिरायला जाताना तिथे थांबून येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगतात, ही आमची मुलगी. खाली अक्कांच्या अक्षरात ओळ आहे:

'वॉलक्रीपर, स्वित्झर्लंड. टिपणारे: क्षितिज, पुणे. पक्ष्याच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी संयोगिता.'

मी पट्टी घेऊन तपासलं. प्रमाण बरोबर आहे.